चिखलावरची साय

सकाळच्या ओहोटीला पाणी मागे सरलं आणि बांधासमोरचा चिखल जागेवर नव्हता. पन्नास पावलं लांबीचा पट्टा गुडघाभर खोल खरवडून गेला होता. बांधाचा पाया उघडा पडला होता आणि बांधावरच्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली होती.

बांधखात्याच्या साहेबांनी दहा वाजायच्या आत गुन्हेगार शोधून काढला. खाडीच्या दरवाजाची राखण करणारी बाई. तिने ओहोटीला दरवाजा सताड उघडला, आतलं पाणी धडाधड सुटलं, चिखल गेला. नोकरी बंद, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. एरवी साध्या अर्जाला महिना लावणाऱ्या साहेबांचा हा कागद मात्र एका तासात तयार होता.

चौकशीला वरून एक बाई आल्या. वीस वर्षं खाडीचा गाळ तपासलेल्या. गाळाबद्दल त्यांचं मत बरं होतं, माणसांबद्दल नव्हतं.

राखणदारीण अंगणात बोचकी बांधत होती. आजारी सासूची खाट आधीच बाहेर आली होती.

"दरवाजा किती उघडलास?"

"वीतभर. रोज तेवढाच."

"कोणी पाहिलं?"

"मी."

"आरोपीच साक्षीदार. छान!"

सासू खाटेवरून म्हणाली, "हिच्या हातून आमटीत मीठ जास्त पडेल, दरवाजा जास्त उघडणार नाही."

चौकशीबाईंनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही. त्या खाली चिखलात उतरल्या.

तिथे शिंपलेवाला टोपली घेऊन उभा होता.

"तू इथे खणतोस?"

"खणतो, पण दरवाजाच्या तोंडाशी. इथे बांधाच्या पायऱ्यांजवळ दोन दिवस झाले, जिवंत काही मिळत नाही."

"त्याआधी इथे काय झालं?"

"साहेब पडले." त्याचे सगळे दात दिसले. "गेल्या आठवड्यात बडे पाहुणे आले होते. साहेब चिखल दाखवायला उतरले आणि चारी मुंड्या चीत! आता सगळे त्यांना घसरगुंडी म्हणतात."

चौकशीबाई वाकल्या. दरवाजाच्या तोंडचा चिखल शाबूत होता. त्यावर दुधावर धरते तशी तपकिरी, चकचकीत साय होती आणि तिच्यावर गोगलगायींच्या रेघा. पायऱ्यांजवळ थोडा चिखल उरला होता, तो फिका आणि बिनचमकीचा. त्यात मेलेले किडे आणि रिकामे शंख. गेलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या. त्यांनी दरवाजाजवळचं आणि पायऱ्यांजवळचं एकेक ढेकूळ उचललं.

कचेरीत साहेब पंख्याखाली बसले होते.

"चिखलात शेवटचे कधी उतरलात?"

"पाहुणे आले तेव्हा. आमची कामं टेबलावरची असतात, बाई."

"पँट छान आहे. नवी?"

"परवाच शिवून आली. जुनीची त्या दिवशी वाट लागली." साहेबांनी निळ्या पँटीवरून हात फिरवला. खाली घोट्यापाशी रंग उडून पांढरे ठिपके पडले होते.

"दोन पेले पाणी मागवा," चौकशीबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही ढेकळं पाण्यात सोडली आणि पेन्सिलीने ढवळलं. दरवाजाजवळचं ढेकूळ तसंच राहिलं. दुसरं विरघळलं, पेला गढूळ झाला.

"पाणी दरवाजातून सुटलं असतं तर आधी दरवाजाच्या तोंडचा चिखल गेला असता. तो शाबूत आहे. आणि पाणी पट्टी लावून कापत नाही. ही साय म्हणजे बारीक शेवाळ. त्याच्या चिकट रसाने गाळाचा कण कणाला धरून राहतो. तुम्ही त्यावर आपटलात आणि ठरवलंत, निसरडा चिखल म्हणजे घाण. नाचता येईना, अंगण वाकडं! पायऱ्यांपासून पन्नास पावलं ब्लीचिंग पावडर मारलीत. शेवाळ मेलं, किडे मेले, कालच्या मोठ्या भरतीने सुटा गाळ उचलून नेला."

"पुरावा आहे?"

"परवा शिवून आलेली पँट. टेबलावर काम करून घोट्यापाशी रंग उडत नाही."

साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढले. "मी फक्त साफसफाई केली. पाहुणे परत येणार होते. पुन्हा हसले असते."

"आणि हसू नये म्हणून एका आजारी म्हातारीला रस्त्यावर काढत होतात. चोर परवडला, त्याला निदान काही हवं असतं."

साहेबांनी कबुलीवर सही केली.

चौकशीबाई बांधावर परतल्या. "कागद रद्द. नोकरी तुझीच. भिंत खातं बांधून देईल."

राखणदारीण बोचक्याची गाठ सोडू लागली. "कशावरून ठरलं?"

"मेलेल्या किड्यांवरून."

"अकरा वर्षं दरवाजा सांभाळते, बाई. मी वीतभर म्हटलं, ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. किडे मेले नसते तर आज आम्ही कुठे असतो?"

चौकशीबाईंनी वही खाली ठेवली, सासूच्या खाटेची एक बाजू उचलली आणि राखणदारणीने दुसरी बाजू धरायची वाट पाहत उभ्या राहिल्या.