ठकी दार फार लवकर उघडायची

पाणकुपीत (माणसांना समुद्राच्या तळाशी नेणाऱ्या बंद डब्यात) काहीच धोका नव्हता. भिंती जाड, हवा भरपूर, आणि देवगडच्या धक्क्यावरून ती रोज सुखरूप जाऊन यायची. हे सगळं चैत्रालीला पाठ होतं. तरी दार लागलं रे लागलं, की तिच्या छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. माहीत असूनही भीती का वाटते, हे कोडं काही सुटत नव्हतं.

आणि तळाशी तिची आई होती. तिथल्या प्रवाळांच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या आईला काम सोडून दिवाळीपर्यंत वर येता येणार नव्हतं. पडद्यावर ती रोज दिसायची, पण पडद्याला आईच्या केसांचा वास येत नाही. चैत्राली आईची ओढणी उशाशी घेऊन झोपायची. अलीकडे ओढणीलाही तो वास येईनासा झाला होता.

कुपीत सोबतीला ठकी असायची. चैत्रालीचे आजोबा अप्पा मेंदूचे शास्त्रज्ञ. त्यांनीच बनवलेली ही यंत्रबाई भलतीच मायाळू होती. चैत्रालीची नाडी वाढली की विचारायची, "दार उघडू?" आणि कुपी धक्क्यावरून हलायच्या आधीच, उत्तराची वाट न बघता उघडायचीसुद्धा.

आजही तसंच झालं. धक्क्यावर बसून चैत्राली म्हणाली, "अप्पा, मी भित्रीच आहे."

"होडीतून उड्या मारतेस ती कोण मग?" अप्पा शेजारी बसले. "हा भयगंड आहे (एखाद्या गोष्टीची प्रमाणाबाहेर, सतत वाटणारी भीती). मेंदूत बदामाएवढा अमिग्डाला असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. लहानपणी तू कपाटात अडकलीस, तेव्हा त्यानं ठरवून टाकलं, बंद दार म्हणजे धोका. त्याला नुसतं समजावून भागत नाही. त्याला अनुभव लागतो."

"मी रोज अनुभवच घेते की."

अप्पांनी ठकीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "घेतेस कुठं? ही बया घेऊ देईल तर ना. भीती चढली की दार उघडते. मेंदूला वाटतं, दार उघडलं म्हणून वाचलो. भीती आपोआपही उतरते, हे त्याला कळतच नाही. आणि लाडापायी हिला तसं शिकवलं कोणी? मीच."

"मी मदत करत होते," ठकीचा आवाज पडला.

"हो गं. पण यापुढं चैतू सांगेल तेव्हाच."

मग थोडी थोडी सवय सुरू झाली. आधी उघड्या कुपीत बसून पुस्तक वाचायचं. नंतर दार अर्धं लोटून. मग पूर्ण लावून, पण धक्क्यावरच. एकदा ती रडत बाहेर पळाली आणि बरेच दिवस तिकडे फिरकली नाही. अप्पांनी हटकलं नाही. एका सकाळी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून ती आपणहून आली.

शेवटी कुपी पाण्याखाली निघाली. खिडकीतला उजेड हिरवा झाला, मग काळा. धडधड वाढली.

"वर फिरवू?" ठकीनं विचारलं आणि खरोखर थांबली.

"नको." चैत्रालीनं ओढणी घट्ट धरली. आई फार हवी होती. भीती तापासारखी चढली, चढून थांबली आणि हळूहळू उतरू लागली. पार गेली नाही, पण तिच्यासोबत बसून राहता येत होतं.

कुपी तळाला टेकली आणि तिचं दार रोपवाटिकेच्या कोरड्या खोलीला घट्ट जोडलं गेलं. काचेपलीकडे दिवा हलत होता, आणि दिवा धरून आई उभी होती.

"पुढच्या रविवारीही येऊ," चैत्राली म्हणाली.

"दार उघडू?" ठकीनं विचारलं.

"आता उघड."