कुंकू लावलेली डिस्क

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. १९ मे २०२२, गुरुवार, दुपारचे दोन. अकोल्यात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

मी नितेश. बसस्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे. लग्नाचं, शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग करायचं आणि डिस्क बनवून द्यायची.

कोऱ्या डिस्कमध्ये फार फरक असतो. डबीतली, नावाच्या कंपनीची डिस्क वेगळी आणि गठ्ठ्यातली खुली डिस्क वेगळी. डिस्क उलटी करून खालचा रंग बघायचा. गडद आणि सगळीकडे सारखा असला तर ठीक. कडेला फिकट असला तर समजायचं, चार-पाच वर्षांची सोबत. हे ज्ञान मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना फुकट वाटायचो.

गिऱ्हाइकाला मात्र खुलीच द्यायचो.

त्या दुपारी कौशल्यावहिनी आल्या. हिवरखेडच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या शाळेचं गॅदरिंग मी शूट केलं होतं. त्यांची आठ वर्षांची दामिनी त्यात ‘माझी आई’ या विषयावर बोलली होती. पुढे आठ महिन्यांत ती तापाने गेली. तिचा आवाज जगात फक्त त्या एका डिस्कवर होता. माझ्याकडची मूळ फाइल मी कधीच पुसून टाकली होती.

वहिनींनी खणात गुंडाळलेली डिस्क काढली.

वरच्या बाजूला कुंकू होतं. दर गुरुवारी त्या दामिनीच्या फोटोला कुंकवाचं बोट लावायच्या, तसंच डिस्कलाही. आता ती मध्येच अडकायला लागली होती.

“भाऊ, बाकी काई नको. तिचा आवाज तेवढा काहाडून द्या.”

मी कुंकू पुसलं. खाली एक ओरखडासुद्धा नव्हता. उलटी केली... खालचा रंग पार उडाला होता. माझी खुली डिस्क. देताना मीच म्हणालो होतो, “शंभर वर्षं टिकते.”

कबूल करायला जीभ वळली नाही. उलट मीच चिडलो. डिस्कला कुंकू लावतं का कोणी, म्हणालो. तुमच्या कुंकवानंच गेली ती.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी ते बोट पदरात गुंडाळून घेतलं आणि बसस्टँडकडे निघून गेल्या. डिस्क माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या सगळ्यात भरवशाच्या डिस्क आणल्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. जुन्या डिस्कवरून कसंबसं एकच वाक्य निघालं. “माझ्या आईचे नाव कौशल्या आहे. माझी आई मला...” बस. एवढंच.

नव्या डिस्कवर ते अगदी सावकाश उतरवलं. मग तपासायला लावलं.

“माझी आई मला...”

इथं संपायला हवं होतं.

पडद्यावरचे सेकंद मात्र पुढे जात राहिले.

वीस... तीस... चाळीस...

मग कोणीतरी श्वास घेतला.

“काका, माह्या आईले खोटं काऊन सांगतलं?”

स्टेजवर पोरगी पुस्तकातलं मराठी बोलली होती, बाईंनी पाठ करून घेतलेलं. हे तिचं घरातलं बोलणं होतं.

मी डिस्क काढून फेकली. दुसऱ्या कंपनीची उघडली. काहीही न उतरवता, कोरीच लावली.

“काका, आईले सांगा ना.”

तिसरी लावायची हिंमत झाली नाही. कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. वायरही काढली.

तरी आत काहीतरी फिरत होतं... घर्र... घर्र...

आणि त्या आवाजात ती हळूहळू रडत होती.

मी माणूस म्हणून कसाही असेन, पण त्या दिवशी मी दुकानात बसून लहान मुलासारखा रडलो. वहिनींची डिस्क पिशवीत टाकली, अकोटवरून जाणारी पहिली बस धरली आणि हिवरखेडला गेलो.

दारात वहिनींचे यजमान नत्थुजी बसले होते. आठवड्याची दाढी वाढलेली. कौशल्या कालपासून जेवली नाही, म्हणाले.

आत टीव्ही चालू होता. पडदा नुसता निळा. वहिनी समोर बसून मान हलवत होत्या. मध्येच हसत होत्या.

मी दारातूनच सांगून टाकलं. कुंकवानं काही झालं नाही. डिस्कच हलकी होती. मी खोटं बोललो.

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“माहीत हाये मले. दामिनीनं सांगतलं. हळू बोला भाऊ, तिचं भाषण चालू हाये.”

मी प्लेअरकडे पाहिलं. ट्रे बाहेर आलेला होता...

रिकामा.

डिस्क तर माझ्या पिशवीत होती.

मी कान दिला. पंख्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही. नत्थुजींनी मला अंगणात नेलं आणि माझा हात घट्ट धरला.

“भाऊ, खरं सांगा. तुमाले आयकू येते का?”

दुकानात आला होता आवाज. इथं नाही. पण त्यांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, येतो.

ते खाली बसले.

“मंग मलेच काऊन नाई येत? मी बाप नाई का तिचा?”

मी त्यांना दुकानात आलेल्या आवाजाचं सांगितलं.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी नत्थुजींचा फोन येतो. दुकानात पोरगी आज काय बोलली, एवढंच विचारतात. दुकानात आता काहीच ऐकू येत नाही. पण हे त्या बापाला कोणत्या तोंडाने सांगू? मी मनानेच काहीतरी रचून सांगतो. शाळेत गेली होती म्हणाली. भूक लागली म्हणाली. पाप आहे, मला कळतं.

मागच्या गुरुवारीही फोन आला. त्या दिवशी मला काही सुचेना. मी नुसता फोन कानाला लावून उभा राहिलो.

पलीकडेही शांत होतं.

मग नत्थुजी रडायला लागले.

“आयकलं भाऊ... आयकलं मी. बाबा म्हणाली.”

मी तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.