मिरची गल्लीतला सर्व्हर

हैदराबादला बेगम बाजारच्या मिरची गल्लीत माणूस रागावलाय की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. तिथे सगळ्यांचेच डोळे लाल आणि सगळ्यांचीच नाकं ओली. म्हणूनच त्या दुपारी रोशनी एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून शिंकत होती, तेव्हा ती संतापलेली आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"हा घ्या. धुतलेला आहे," शेजारून आवाज आला.

उंच, सडपातळ, चष्मा लावलेला तरुण. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात निळा रुमाल.

"तुम्हांला कसं कळलं मी मराठी आहे ते?" नाक दाबून रोशनीनं विचारलं.

"प्रत्येक शिंकेनंतर 'आई गं' म्हणताय..." तो हसला. "इतक्या लाल डोळ्यांनी निघालात कुठे?"

"भांडायला."

"अरे वा! कुणाशी?"

"डी. वाघमारे नावाचा एक माणूस आहे, त्याच्याशी."

त्याचं हसू जरासं अडखळलं. "काय केलं त्यानं?"

झालं! सकाळपासून तुंबलेलं सगळं रोशनीनं त्या अनोळखी माणसापुढे मोकळं केलं. कुकटपल्लीतल्या एका लहान कंपनीत ती काम करते. घाऊक दुकानदारांची बिलं करणारा प्रोग्रॅम तिनं जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलाय. इथल्या प्रतापरावांच्या मसाल्याच्या पेढीवर तो रोज ऐन गर्दीत बंद पडतो. पेढीचे संगणक सांभाळतो हा वाघमारे. आणि त्यानं मेल काय लिहावा? मशीनमध्ये मेमरी भरपूर आहे, प्रोग्रॅमच खादाड आहे, तो मुळातून लिहून घ्या!

"आणि हा मेल कुणाला? माझ्या बॉस शिल्पा मॅडमना, प्रतापरावांना, आमच्या अख्ख्या ऑफिसला! मला सोडून सगळ्यांना! एक फोन करता येत नव्हता? आज दोष सापडला नाही, तर उद्यापासून माझं काम शेजारच्या टेबलावरच्या निखिलकडे जाणार. खादाड म्हणे! स्वतः काय खातो कोण जाणे!"

"सकाळपासून एक उस्मानिया बिस्कीट," तो हळूच म्हणाला. "मी... मीच तो. धम्मानंद वाघमारे."

रोशनीला रुमाल त्याच्या तोंडावर फेकायचा होता. पण तो आता परत देण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

पेढीवर धन्या-जिऱ्याच्या पोत्यांमधून प्रतापरावांनी दोघांना येताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काय अम्मा, तुमचा प्रोग्रॅम कैकू झोपतो रोज? गिऱ्हाईक समोर उभं, अन् मी हातानं बिलं लिहितो. हे बरं नाही, सांगून ठेवतो. आत जा. भांडून घ्या, पण चालू करून द्या. चाय पाठवतो."

मागच्या खोलीत हळदीचा वास भरून राहिला होता. सर्व्हरसमोर एकच बाक. रोशनी त्याच्या या टोकाला बसली, धम्मानंद त्या टोकाला... आणि मधे तिनं मुद्दाम आपली पर्स ठेवली.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं भांडण कळेल. गोदाम कितीही मोठं असलं, तरी हमालाला पोती किती जागेत रचायची हे सांगावं लागतं. जावाचंही तसंच. मशीनमध्ये मेमरी ढीगभर असेल, पण "यातली एवढी तुझी" असं प्रोग्रॅमला आधी सांगून ठेवावं लागतं. जास्त सांगितली, तर मशीनवरच्या बाकीच्या कामांचा श्वास कोंडतो. कमी सांगितली, तर गर्दीच्या वेळी प्रोग्रॅमच कोलमडतो.

रोशनीनं स्क्रीनवरचे आकडे पाहिले आणि ताडकन उठली.

"हे बघा! मशीनची मेमरी रिकामी पडलीय. माझ्या प्रोग्रॅमनं त्यातला कोपरासुद्धा घेतलेला नाही, आणि जागा संपली म्हणून मरतोय. खादाड? अहो, उपाशी मेला तो!"

धम्मानंद पुढे वाकला. पर्स बाकावरून खाली पडली. दोघांपैकी कुणीच उचलली नाही.

"पण मी चार जीबी दिली होती," तो म्हणाला. "माहितीपत्रकात सांगितलंय त्याच फाइलमध्ये लिहिली. हातानं सुरू करून पाहिला, तर उत्तम चालला."

"मग?"

"मग मशीन लागलं की आपोआप सुरू व्हावा, म्हणून विंडोजची सर्व्हिस करून बसवला आणि..."

तो थबकला. तीही थबकली. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

रोशनीच्या ऑफिसात सगळे सर्व्हर लिनक्सचे. तिथे प्रोग्रॅम कसाही सुरू करा, तो त्या फाइलवरूनच पुढे जायचा. विंडोजवर हातानं सुरू केला, तर तोही फाइल वाचतो. पण सर्व्हिस म्हणून सुरू झाला, की त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. पाहुण्याला काय वाढायचं ते आपण ओसरीवर सांगावं, आणि वाढणारा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलेला असावा, तसं! सर्व्हिसची मेमरी तिच्या स्वतःच्या खिडकीत लिहावी लागते. धम्मानंदनं ती खिडकी उघडली. बसवल्या दिवशीचा चिमुकला आकडा तिथे तसाच होता.

त्यानं तो बदलला, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. बाहेर दुपारची गर्दी वाढत गेली. प्रिंटर करकरत राहिला, थांबला नाही. थोड्या वेळानं पोत्यांपलीकडून आवाज आला, "हौ! पळतंय! आज पळतंय!"

रोशनीनं हाताची घडी घातली. "लिहा आता सगळ्यांना. चूक कुणाची ते."

"लिहितो. फक्त ते माहितीपत्रक बदलून घ्या. त्यात म्हटलंय, कुठल्याही सर्व्हरवर याच फाइलमध्ये लिहा."

"कुठल्याही? इतकं बिनडोकपणे कुणी..."

रोशनीनं जीभ चावली. ते माहितीपत्रक तिनंच लिहिलं होतं. विंडोजवर एकदाही न चालवता 'कुठल्याही' असा शब्द तिनंच ठोकून दिला होता. बाहेरच्या मिरचीनं भाजले नसतील इतके तिचे कान भाजले.

धम्मानंद खाली मान घालून मेल लिहू लागला. तिनं डोकावून पाहिलं. 'सर्व चूक माझ्या हातून झाली...'

"हे काय चाललंय?"

"मी रोज विंडोज हाताळतो. मला कळायला हवं होतं. शिवाय... तुमचं काम जाईल."

"म्हणून खोटं लिहिणार?"

"थोडंसंच..."

"माझी चूक घेणारे तुम्ही कोण?" रोशनी इतकी भडकली, की सकाळचा राग त्यापुढे काहीच नव्हता. "सकाळी माझा प्रोग्रॅम खादाड, आज मी बिचारी? तेव्हा मला विचारलं नाही, आताही विचारत नाही! सरका तिकडे!"

तिनं स्वतःचा लॅपटॉप उघडला. माहितीपत्रक मी लिहिलं, विंडोजवर तपासलं नाही, प्रोग्रॅम बंद पडायचं कारण तेच. सगळं सरळ लिहिलं. पाठवायच्या बटणावर बोट आलं आणि... तिथेच राहिलं. वर्षभराचं काम होतं. निखिलचं टेबल डोळ्यांसमोर आलं. धम्मानंदनं आपला अर्धवट मेल पुसून टाकला. तिनं डोळे मिटले आणि मेल पाठवून दिला. सगळ्यांना.

लगेच शिल्पा मॅडमचा फोन आला.

"विंडोजवर न चालवताच लिहिलंस?"

"हो, मॅडम."

"मला हे मुळीच आवडलेलं नाही. पण लपवलं नाहीस. काम तुझ्याकडेच राहील. माहितीपत्रक नव्यानं लिही, प्रत्येक सिस्टीमचं वेगळं. आणि विंडोजचं कुणा जाणत्याकडून तपासून घे."

तिनं फोन ठेवला, तोवर आणखी एक मेल येऊन पडला होता. तोही सगळ्यांना. 'प्रोग्रॅमला मी खादाड म्हटलं, ते न तपासता आणि लिहिणारीला न विचारता. तो उपाशी होता. माफी मागतो. — धम्मानंद.'

"यात एकही शब्द खोटा नाही," तो म्हणाला. "चालेल?"

रोशनीनं पर्स उचलली, झटकली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली. "फोन का नाही केलात आधी?"

"माहितीपत्रक इतकं समजावून लिहिलेलं, की वाटलं, लिहिणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. चष्म्यातून बघून झापतील."

"पन्नाशीच्या?"

"झापण्याचा अंदाज बरोबर निघाला..."

विंडोजचा जाणता आता वेगळा शोधायची गरज नव्हती. धम्मानंद दर रविवारी तारनाक्याला तिच्या घरी येऊ लागला. रोशनीचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले उत्तमराव, दोघांना गॅलरीत बसवून चहा करत. आधी विंडोजचं पान झालं, मग लिनक्सचं, शेवटी मॅकचंही. प्रत्येक ओळीवर भांडण. प्रत्येक भांडणानंतर खुर्च्या थोड्या जवळ...

एका रविवारी धम्मानंदनं शेवटची ओळ तपासली. "झालं. आता एकही सिस्टीम राहिली नाही."

"हं."

"म्हणजे पुढच्या रविवारी यायला... काही कारण नाही."

रोशनीनं लॅपटॉप फाडकन मिटला. "म्हणजे इतके रविवार तुम्ही माहितीपत्रकासाठी येत होतात?"

"नाही..."

"मग कशासाठी? बोला ना! की हेही जगभर कळवाल, आणि मलाच विचारायचं राहील?"

धम्मानंदनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या वेळी आधी तुम्हांलाच विचारतो. दुसऱ्या कुणालाही नाही. रोशनी... तुम्ही मला फार आवडता. रागासकट. मी... आवडतो का?"

"हे विचारायला इतका उशीर?" ती ओरडली. गॅलरीत मिरचीचा कणही नव्हता, तरी तिचे डोळे लाल झाले. तिनं ओढणीच्या टोकात गुंडाळलेला रुमाल काढला. निळा, धुतलेला, इस्त्री केलेला, आणि अजून परत न दिलेला. "आवडता. आणि हा मी देणार नाही, आधीच सांगते!"

आतून उत्तमरावांची हाक आली. "झालं का रे तुमचं भांडण? चहा निवतोय."

"नाही झालं, बाबा!" रोशनी म्हणाली, आणि तिनं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला टेकवली.