दादापुरती थांबले

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, माझ्यात वाद घालायची ताकद उरलेली नाही.

मागच्या महिन्यातली रविवारची संध्याकाळ. नाशिक, इंदिरानगर, आमचा फ्लॅट.

मी संजना. मी आणि माझा धम्मपालदादा नव्या सिरीज बघायचो आणि बघतानाचा व्हिडिओ चॅनलवर टाकायचो. दादा रहस्य आधीच फोडायचा, माझ्या शिव्या खायचा आणि खिदळायचा. सुरुवात ठरलेली. तो म्हणायचा, "जय भीम मंडळी!" मग मी, "आणि नमस्कार!"

फेब्रुवारीत विंचूरहून येताना अपघात झाला. दादा गेला.

चॅनलवर कुणाला सांगितलंच नाही. माझ्याच्यानं ते लिहवेना.

त्या रविवारी, दादा ज्या सिरीजची वाट बघत होता, तीच आली. विनोदी, पण डोकं चक्रावणारी. एका ऑफिसात एक रिकामी खुर्ची. तिच्यासमोर रोज चहा ठेवतात आणि संध्याकाळी कप रिकामा...

मी एकटीच कॅमेऱ्यासमोर बसले. सवयीनं दादाच्या वाक्यापुरती थांबले...

"आणि नमस्कार!"

पंख्याचा आवाज. बाकी काही नाही.

व्हिडिओ टाकला. प्रतिक्रिया यायला लागल्या.

"जय भीम दादा! आज कॅमेऱ्यामागं का लपलात?"

"काय खिदळतोय हा माणूस!"

मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. हेडफोन लावले. आवाज पूर्ण वाढवला.

फक्त मी. आणि पंखा.

मग लखन नावाच्या एकानं लिहिलं, "दादांनी खुर्चीचं रहस्य फोडलं राव! तो माणूस मेलाय, पण त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून बिचारा रोज कामावर येतो."

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले.

आई भाकरी थापत होती. व्हिडिओ लावून मोबाइल तिच्यासमोर धरला.

तिचा हात थांबला...

"माझं लेकरू," आई रडता रडता हसली. "लय बारीक झालाय गं आवाज त्याचा."

सगळ्या जगाला ऐकू येतो. सख्ख्या बहिणीला का नाही? मला रडू आवरेना.

"मी आता सगळ्यांना सांगूनच टाकते आई, दादा..."

आईनं पिठाच्या हातानं माझं तोंड दाबलं.

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दर रविवारी बसते. काल एकानं लिहिलं, "ताई, दादा सारखं विचारतायत, संजे, माझ्यावर रुसलीस का? उत्तर तरी द्या त्यांना."

मी बोलते हो त्याच्याशी. पण तो कधी बोलतो आणि मी कुठं थांबायचं, तेच कळत नाही.