पिशवीतला पहिला मणका

ही घडलेली घटना आहे. जिच्या बाबतीत घडली ती आज डॉक्टर आहे आणि तिला तिखटमीठ लावून बोलायची सवय नाही.

जून महिना. दूर परदेशातलं, डोंगरांच्या पायथ्याचं काराकोल गाव. आणि वेळ रात्रीची नव्हे, लख्ख दुपारची.

नुराईम वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती. राहायची बुरुल मावशीकडे. दुसऱ्या दिवशी तिची हाडांची तोंडी परीक्षा होती.

तिथली रीत अशी. मानेचे सगळे मणके कापडी पिशवीत घालून विद्यार्थ्याला घरी अभ्यासाला देतात. परीक्षेला तीच पिशवी टेबलावर ठेवायची, आत हात घालायचा आणि न बघता, नुसत्या स्पर्शाने मणका ओळखायचा. एक जरी हाड हरवलं तर परीक्षेला बसू देत नाहीत. नुराईमची जागा सरकारी खर्चाची. परीक्षा बुडाली की जागा गेली, आणि परत डोंगरावर बापाच्या मेंढ्यांमागे.

त्या सकाळी तिने पिशवी उघडली.

एक मणका कमी होता...

नेमका पहिला. कवटी ज्याच्यावर टेकते तो. बाकीच्यांना पुढे भरीव अंग असतं, मागे काटा असतो. याला दोन्ही नाही. हे नुसतं हाडाचं कडं.

मावशी चहा ओतत होती. कडं गाद्यांखाली सापडलं, मेंढीचं नाही हे हात लावताच कळलं, म्हणून पांढऱ्या फडक्यात बांधून, दुआ करून कब्रस्तानात पुरून आले, असं तिने शांतपणे सांगितलं. आपल्या नवऱ्याच्या, काचिबेकच्या कबरीवर, उशाच्या बाजूला. तो जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

नुराईम रडली, भांडली. हाड कॉलेजचं आहे म्हणाली.

"कॉलेजचं कसं? ते त्या माणसाचं आहे. उद्या तुझी हाडं कुणी पिशवीतून फिरवली तर चालेल का गं तुला?"

"मावशी, माझं वर्ष जाईल."

"मग जा आणि काचिबेकलाच विचार, देतोस का म्हणून," मावशी म्हणाली आणि कप विसळायला उठली.

नुराईम आधी कॉलेजात गेली. एसेन अगायांकडे जादा मणका मागून पाहिला. अगाय म्हणजे तिथे सर. त्यांनी मान हलवली. नियम तो नियम.

मग ती घरी न जाता थेट कब्रस्तानात गेली.

गवतावर वारा होता. चंडोल ओरडत होते. काचिबेकच्या उशाशी माती भुसभुशीत दिसत होती. ती गुडघ्यांवर बसली. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी तोंडातून निघालंच.

"उद्यापुरतं द्या."

चंडोल गप्प झाले...

वारा होता, पण गवताचा आवाज येईना.

तिने हाताने माती उकरली. वीतभरही खोल जावं लागलं नाही. बोटांना कडं लागलं.

फडकं नव्हतं.

जूनच्या उन्हात तापलेल्या मातीत ते बर्फासारखं गार होतं...

तिने ते पाटाच्या पाण्यात धुतलं, घरी येऊन पिशवीत टाकलं आणि नाडी आवळली. पुन्हा आत हात घालायची हिंमत त्या दिवशी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. टेबलावर कवटी, शेजारी पिशवी. तिने हात घातला.

"पहिला मणका," ती म्हणाली आणि बाहेर काढून दाखवला. पुढचे धडाधड ओळखले. अगाय खूश दिसत होते.

"आता शेवटचा."

तिची बोटं त्यावरून फिरली. भरीव अंग नाही. काटा नाही...

"पहिला, अगाय."

"पहिला मघाशीच झाला. एका माणसाला माना किती असतात, बाई?"

मागे कुणीतरी हसलं. खोटं उत्तर द्यावं तर नापास, खरं द्यावं तर वेडी. तिने ते बाहेर काढून ठेवलं.

टेबलावर दोन कडी.

एकावर विभागाचा शाईचा नंबर. दुसरं कोरं. त्याच्या खाचेत ओली माती.

अगायांनी दोन्ही निरखली. कोऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"पास," ते हळू आवाजात म्हणाले. "हे घेऊन जा. हे आमचं नाही."

घरी मावशीने दारातच विचारलं, जमलं का म्हणून. मग जरा ओशाळून म्हणाली,

"काल तू कॉलेजात गेलीस ना, तेव्हा मीच जाऊन उकरून आणलं. तुझं रडणं बघवेना. पिशवीत टाकलं. सांगायचं राहिलंच बघ."

नुराईमने मूठ उघडली.

मावशीने ते कोरं कडं पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

त्याच दुपारी दोघी कब्रस्तानात गेल्या. मावशी बाजूला बसून, हात पसरून दुआ म्हणू लागली. नुराईमने खड्डा मोकळा केला, कडं तळाशी टेकवलं. बोटं जरा मातीत गेली...

खाली काहीतरी टोकदार होतं.

बोटांना न बघता ओळखायची सवय लागली होती. दुसरा मणका. त्याच्यावर दातासारखा सुळका असतो, तो. त्याच्याखाली तिसरा. मग चौथा...

तिथली कबर पुरुषभर खोल असते. देह तळाशी बाजूला कोरलेल्या कपारीत ठेवून तिचं तोंड बंद करतात. वीतभर खाली काही लागणं शक्यच नाही. शिवाय निजलेल्या माणसाचे मणके आडवे लागले असते.

हे उभे होते.

ती हात काढणार, तोच कडं आपसूक त्या सुळक्यावर बसलं.

आणि वळलं...

हळूच, तिच्या बोटांखाली. मावशीच्या दिशेने.

हा मणका एकटा कधी वळत नाही. वरचं डोकं वळतं, तेव्हा त्याच्याबरोबर वळतो. आणि कड्याच्या वर, जिथे डोकं असायला हवं, तिथे त्या क्षणी खड्ड्यावर वाकलेला नुराईमचा चेहरा होता. मध्ये नुसती हवा.

"घेतलं का गं त्यांनी?" मावशीने विचारलं.

"घेतलं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

मावशीला तिने बाकीचं आजतागायत सांगितलेलं नाही. मावशी अजून दर शुक्रवारी तिथे जाऊन बसते.

नुराईमचा दवाखाना चांगला चालतो. मानेचे पेशंट येतात, ती मणके चाचपून बघते. पण "आता मान वळवा" म्हणायच्या आधी ती हात काढून घेते.