सरोदवाल्याचं नख

पावडरच्या रिकाम्या डबीत चार निघालेली कृत्रिम नखं होती. पहिल्याच्या टोकाला तारेने पाडलेली खोल खाच होती. उरलेल्या तिन्हींना खाच नव्हती, आणि ती तिन्ही आतून पिवळी होती.

डबी संबोधीची होती. संबोधी रसायनशास्त्राची पदवीधर. महूच्या छावणीत आयुष्य काढलेल्या एका सुभेदाराची नात. मिलच्या रंगाई विभागातल्या प्रयोगशाळेत तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, तेवढ्यात मिलच बंद पडली. इंदूरमध्ये त्या वर्षांत एकीकडे चिमण्यांचा धूर थांबत होता आणि दुसरीकडे ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागत होत्या. संबोधी पलासियातल्या अशाच एका पाटीखाली येऊन पोहोचली. इथेही पावडर होती, द्रव होता, आणि दोन्ही मिसळले की काही क्षणांत घट्ट होणारा लगदा होता. तो लगदा नखावर चढवून कृत्रिम नख घडवायचं, त्यावर जेलचा थर द्यायचा आणि बोट जांभळ्या दिव्याच्या पेटीत धरायचं. तिच्या दृष्टीने ही प्रयोगशाळाच होती. फक्त परीक्षानळीच्या जागी बायकांची बोटं होती.

पार्लरच्या दारावर ‘केवळ महिलांसाठी’ असं लिहिलेलं असतानाही एका दुपारी एक तरुण आत आला. डावा हात खिशात, आणि चेहरा दवाखान्यात आल्यासारखा.

“भिया, हे लेडीज पार्लर आहे,” रुपाली म्हणाली. ती बायकांच्या भुवया कोरायची, आणि हातातला दोरा खाली न ठेवता कोणालाही हाकलू शकायची.

“हाओ, वाचलं मी. पण माझं नख फाटलंय.”

“मग डॉक्टरकडे जा ना!”

“गेलो होतो. डॉक्टर म्हणे, नख न वापरता राहा.” त्याने हात बाहेर काढला. “मी सरोद वाजवतो. सरोदची तार बोटाने नाही, नखाने दाबतात.”

संबोधीने मान वर केली. त्याच्या मधल्या बोटाचं नख अर्ध्यापर्यंत चिरलेलं होतं. तिने तो हात दिव्याखाली ओढला – परवानगी न विचारता, जशी ती प्रत्येक गिऱ्हाइकाचा ओढायची. फरक इतकाच की या वेळी तिने हाताला नाव विचारलं.

“नाव?”

“मालोजी.”

“मालोजी... जी?”

“नावातच आहे की. आणखी एक लावलात तर राज्य मागावं लागेल.”

ती हसली नाही. फाइल उचलून नखावरची चकाकी घासू लागली. हसू तिने ओठांच्या आत ठेवलं होतं, आणि समोरच्या आरशात रुपालीला ते दिसलं होतं.

“किती दिवस टिकेल?” त्याने विचारलं.

“बायकांचं तीन आठवडे टिकतं. तारेचं मला माहीत नाही.”

“म्हणजे माझ्यावर प्रयोग?”

“प्रयोगाला दोन नखं लागतात. एकावर करायचं, एक तसंच ठेवायचं.”

“दुसरं बोट आहे ना माझ्याकडे. ठेवा गहाण.”

पहिलं नख दहा-बारा दिवस टिकलं. तो परत आला तेव्हा टोक तारेने खाल्लं होतं. खाच इतकी सरळ होती, जणू करवतीने काढावी. संबोधीने ते नख उतरवून भिंगाखाली धरलं आणि खूश झाली. नख तारेच्या जागी झिजलं होतं, मुळाशी नाही. म्हणजे चिकटवण्यात दोष नव्हता. त्या दिवशी त्याने तिला आजोबांची गोष्ट सांगितली. ते होळकरांच्या दरबारात वाजवायचे, सरोदही त्यांचाच. मालोजी मिलमध्ये हजेरी घ्यायचा आणि संध्याकाळी रियाज करायचा. आता मिल नव्हती, तेव्हा दिवसभर रियाज.

“चैनच आहे,” ती म्हणाली.

“हो ना. सरकारला सांगा, सगळ्यांच्या मिली बंद करा. देशात संगीत वाढेल.”

एक चूक तिने याच सुमारास केली. पार्लरच्या मालकीण इंदुमतीबाई नखांच्या टेबलावर नाराज होत्या. साहित्य महाग, गिऱ्हाईक थोडं, आणि ‘निघून तर नाही ना यायचं?’ हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडी.

“संबोधी, बेटा, मी पार्लर चालवते, कॉलेज नाही,” त्या म्हणाल्या. “संक्रांतीनंतर हे टेबल उचलणार. तू परत वॅक्सिंगला बस.”

“मॅडम, मी सिद्ध करून दाखवते.”

“कसं?”

“ज्या नखाने पोलादी तार दाबतात, त्यावर हे टिकलं तर बायकांच्या हातावर टिकणारच. हळदीकुंकवाला आपल्या गिऱ्हाइकांना बोलवा. मालोजी इथे वाजवतील.”

इंदुमतीबाईंना कल्पना आवडली, आणि विचारल्यावर मालोजीही हो म्हणाला. टेबलाचं भवितव्य एका परक्या पुरुषाच्या मधल्या बोटावर ठेवलं गेलं. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे संबोधीला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण त्या नमुन्याला हसताना डाव्या गालावर खळी पडायची, आणि अशा नमुन्याबद्दल पाठ्यपुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

आणि नखं सुटू लागली.

दुसरं नख चार-पाच दिवसांत मुळापासून निघालं. “वाजवताना पडलं,” मालोजी म्हणाला, आणि निघालेलं नख कागदाच्या पुडीतून काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने द्रवाची बाटली बदलली. तिसरंही तसंच सुटलं. “वाजवताना.” तिने बारीक दाण्याची फाइल घेतली, त्याच फाइलने नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी सुईच्या टोकाइतकी सुद्धा शिल्लक ठेवली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारं जसंच्या तसं. चौथं नख सुटलं.

“तुझा हात हलका आहे की काय, कोण जाणे,” इंदुमतीबाई टोमणा मारून गेल्या. मालोजी समोरच बसला होता. त्याने ऐकलं, आणि खाली पाहिलं.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यांत संबोधी दुःखी नव्हती. बाहेर मावठ्याचा पाऊस होता, आत जांभळा दिवा. एक हात तिच्या हातात असायचा आणि त्या हाताला चंदनाच्या साबणाचा ताजा वास यायचा, आत्ताच घासून धुतल्यासारखा.

“तुम्ही नखाकडे बघता, पण बोलता माझ्याशी,” तो एकदा म्हणाला.

“नखाला उत्तरं देता येत नाहीत.”

“आणि मला?”

“तुम्हाला येतात... पण सगळी एकसारखी. ‘वाजवताना पडलं.’”

त्याने हात किंचित मागे घेतला – आणि पुन्हा पुढे केला.

“अगं येडी, तो स्वतःच उपटतो!” तो गेल्यावर रुपाली म्हणाली. “इथे येऊन बसायला मिळावं म्हणून. सरळ आहे!”

संबोधीला हे खरं असावं असं इतकं वाटलं की तिने लगेच त्यावर अविश्वास दाखवला. ओढून काढलेल्या नखाच्या पाठीला खऱ्या नखाचा पापुद्रा चिकटून येतो. तिने डबी उघडली, चारही नखं पांढऱ्या कागदावर मांडली आणि दिवा खाली ओढला. पापुद्रा एकालाही नव्हता. ती कोणी उपटली नव्हती. ती आपोआप सुटली होती.

तेव्हाच तिला दिसलं की पहिलं सोडून एकाही नखावर तारेची खाच नाही. आणि आतून ती पिवळी आहेत. कडेला मात्र एक बारीक लालसर रेघ.

रुपाली वाकून बघत होती. “पिवळं? हळद आहे ही. लग्न ठरलं वाटतं त्याचं!” आणि मग संबोधीचा चेहरा पाहून तिने दोरा पुन्हा हातात घेतला.

संबोधीने वाटीत साबणाचं पाणी कालवलं आणि पिवळ्या डागावर एक थेंब सोडला. डाग लाल झाला. हळदच. साडीवर सांडलेली हळद साबणाने लाल होते, हे तिला रसायनशास्त्राच्या आधी आईने शिकवलं होतं. पण तीन आठवड्यांत तीनदा कोणाला हळद लागत नाही. तिने तो लगदा सुईने खरवडला, बोटांत चोळला. तेलकट. वास घेतला. ओवा आणि बेसन.

इंदूरच्या माणसाला हा वास ओळखायला पदवी लागत नाही.

तिला त्याला एकट्याला गाठायचं होतं. पण त्याचा पत्ता तिच्याजवळ नव्हता, आणि दुसऱ्याच दिवशी हळदीकुंकू होतं.

दुपारी पाच-सहा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पार्लर भरलं. अत्तर, तिळगूळ, रेशमी साड्या. मालोजी उशिरा आला, मोकळ्या हातांनी. खुर्चीत बसला आणि टेबलावर डावा हात ठेवला. मधल्या बोटावर काही नव्हतं.

“सरोद कुठे आहे?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

“आणता नाही आला, मॅडम. नख... आज सकाळी पुन्हा निघालं. वाजवताना.”

कोणीतरी हसलं. एक बाई आपल्या नखांकडे बघू लागली. इंदुमतीबाई वळल्या. “बघितलंस, संबोधी? तुझ्या कामाची ही गॅरंटी. उद्यापासून वॅक्सिंगला बस. टेबल मी हलवते.”

संबोधी मालोजीकडे पाहत राहिली. तो बोलेल म्हणून ती थांबली. एक वाक्य पुरलं असतं. भिंतीवरचा पंखा बंद होता, तरी तो पंख्याकडे बघत होता.

“मालोजी,” ती हळू म्हणाली, “आणखी एकदा सांगा. वाजवताना?”

“...हो.”

मग ती बोलली, आणि आवाज तिचा प्रयोगशाळेतला होता.

“मॅडम, कामात दोष नाही. हे बेसन मळतात. तेल आणि हळद नखाच्या मुळातून आत शिरते, म्हणून नख सुटतं. सरोद वाजवला असता तर टोकाला खाच पडली असती. पहिल्यावर पडली, नंतर एकदाही नाही. म्हणजे हे वाजवतच नाहीत. यांच्या घरी आता सरोदच नाहीये.”

तिने डबी पालथी केली आणि चार नखं कुंकवाच्या ताटाशेजारी ओळीने मांडली.

मालोजीने नखांकडे पाहिलं. नाकारलं नाही. “सियागंजमागे मावसभावाचा सेव तळायचा कारखाना आहे,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी मळतो. सरोद पहिल्या नखानंतर गेला. एका नव्या हॉटेलवाल्याने घेतला... लॉबीत टांगलाय. दिसतो छान.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? तुम्ही हात धरता तेवढा वेळ मी सरोदवाला असायचो. बाकी दिवसभर तर सेववालाच.”

“आणि मॅडम माझ्या हाताला नाव ठेवत होत्या, तेव्हा? तुम्ही इथेच बसला होतात. मी बाटल्या बदलत होते, फायली बदलत होते... माझा हातच वाईट आहे असं वाटून घेत होते.”

त्याने टेबलावरचा हात उचलला आणि खिशात घातला. पहिल्या दिवशी होता तसा. दारापाशी थांबून म्हणाला, “माफ करा, संबोधीजी.” तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि त्याला ‘जी’ लावला होता.

ती उठली नाही. सेववाल्याचाही हात मी धरला असता, हे वाक्य तिच्याजवळ तयार होतं. पण समोर गिऱ्हाइकं होती, आणि एक बाई आपला हात दिव्याखाली सरकवत म्हणत होती, “वा, बेटा, इतकं बारीक बघतेस तू? माझी कर ना मग.”

टेबल राहिलं. त्या दिवसापासून हात समोर आला की संबोधी पहिला प्रश्न विचारते – घरी हातांनी काय काय करता? बायका हसतात, पण खरं सांगतात. त्यांची नखं तीन आठवडे टिकतात.

मालोजी पुन्हा आला नाही. एकदा ती त्या हॉटेलच्या लॉबीत जाऊन आली. सरोद टांगलेला होता. तारा सैल, आणि त्यांच्यावर धूळ.

नखं तेलाने सुटत होती, हे शोधायला तिला भिंग आणि साबणाचं पाणी लागलं. तो का आला नाही, हे शोधायला काही लागलं नाही. जिथे तो अजून सरोदवाला होता अशी एकच जागा शहरात उरली होती, आणि तिथे, पाच-सहा बायकांसमोर, ती खरं बोलली होती.