ऑर्किडची राहिलेली झोप

"चोवीस अंश. चोवीस अंशात शेकोटी! इथे माझ्या पोटाच्या रंगाचे पोपडे निघतायत, आणि कौतुक काय, तर लाकडं छान पेटलीयत."

ही कुरकुर मुग्धाच्या अगदी कानाशी झाली. ती धोंडूला टेकून बसली होती आणि धोंडूचा स्पीकर त्याच्या पोटात होता. धोंडू म्हणजे स्ट्रॉबेरी तोडणारा जुना यंत्रमानव. पठारावर स्ट्रॉबेरी होईनाशी झाली, तेव्हा शैलाआत्याने त्याला आपल्या रोपवाटिकेत आणलं. त्याचं एक चाक सारखं डावीकडे ओढायचं, त्यामुळे तो कुठेही सरळ जात नसे. बोलताना मात्र फार सरळ बोलायचा.

"गप. आजोबा ऐकतील," मुग्धा कुजबुजली.

"नाही ऐकत. कानटोपी आहे."

खरंच, आजोबा कानटोपी घालून, मफलर गुंडाळून शेकोटीपुढे हात शेकत बसले होते. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता. पलीकडे शैलाआत्या खुर्चीत होती. ती खुर्ची रोज हातभर मागे सरकायची. मार्गशीर्ष सुरू झाला तेव्हा शेकोटीजवळ होती, आता पायरीला येऊन टेकली होती.

"यंदा थंडीला जरा उशीर झालाय," आजोबा म्हणाले.

"हो ना," आत्या म्हणाली.

मुग्धानेही मान हलवली. हे रोज संध्याकाळी असंच व्हायचं. मुग्धाचे आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, त्यामुळे ती आजोबा आणि आत्याजवळ राहायची. दर वर्षी थंडीला उशीर होतो, आणि दर वर्षी सगळे "हो ना" म्हणतात, हे तिला आता पाठ झालं होतं.

आजोबा, म्हणजे यशवंत राजपुरे, हवामान खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर रोज पहाटे उठून त्यांनी किमान तापमान (रात्रभरातला सगळ्यात खालचा आकडा) बघितलं. निवृत्त झाल्यावर अंगणात त्यांनी स्वतःची पांढरी लाकडी पेटी उभी केली. तिला चारही बाजूंनी तिरक्या फळ्या होत्या. त्यामुळे आत हवा खेळायची, पण ऊन जायचं नाही, आणि आतला तापमापक हवेचं खरं तापमान दाखवायचा. आताशा आजोबा पेटी उघडायचे, बघायचे, बंद करायचे. आकडा बोलून दाखवत नसत. फार तर म्हणत, "काच जुनी झालीय." आणि धोंडूला त्यांनी बजावलं होतं की, घरात आकडे सांगत फिरायचं नाही.

त्या पेटीशेजारच्या पायरीवर एक कुंडी होती. त्यात एक ऑर्किड होतं. आजोबांची बदली शिलाँगला झाली होती तेव्हा ते तिकडून आलं. आत्या तेव्हा एवढीशी होती आणि आगगाडीत सगळा वेळ कुंडी मांडीवर धरून बसली होती. हिवाळ्यात त्याची पानं पिवळी पडून गळायची आणि नुसत्या काटक्या उरायच्या. एका पाहुण्यांनी तर त्या सरपण समजून शेकोटीत घालायला उचलल्या होत्या. आणि हिवाळा सरला की त्याच काटक्यांवर फुलं यायची. पांढरी, टोकाला जांभळी, घरभर मंद वास.

मुग्धाने हे फक्त ऐकलं होतं. तिला कळायला लागल्यापासून या झाडाला एकही फूल आलं नव्हतं. फुलांच्या जागी भलतंच काहीतरी यायचं. काटकीच्या मधूनच एक छोटं रोप फुटायचं, दोन पानं आणि चार मुळं घेऊन हवेत लोंबकळायचं. आत्या त्यांना पिल्लं म्हणायची.

फुलांच्या जागी पिल्लं का? हे कोडं घेऊन मुग्धा दुसऱ्या दिवशी आत्याजवळ पायरीवर जाऊन बसली.

आत्या कुंड्यांमधलं शेवाळ खरवडत होती. तिने शिलाँगच्या ऑर्किडची कुंडी पुढे ओढली. "हे दाबून बघ."

मुग्धाने एक जाड कांड चिमटीत धरलं. ते मऊ होतं, आणि त्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

"हे फुगीर आणि टणक असायला हवं," आत्या म्हणाली. "ही झाडाची कोठी. पावसाळाभर झाड खाऊनपिऊन ती भरतं. मग पाऊस थांबतो, रात्री गार व्हायला लागतात, आणि झाड पानं गाळून झोपी जातं. त्याला म्हणतात सुप्तावस्था (वाढ थांबवून, कमीत कमी खर्चात दिवस काढणं). झाड मेलेलं नसतं. दिवा बारीक केलेला असतो, एवढंच."

"पण झोपायचं कशाला?"

"खर्च वाचवायला. झाडसुद्धा रात्रंदिवस श्वसन करतं (साठवलेली साखर थोडी थोडी वापरून जगायची शक्ती मिळवतं). गारव्यात हे काम हळू चालतं, उकाड्यात भरभर. आता रात्रीसुद्धा गरम असेल, तर?"

"तर कोठी रिकामी होणार."

"जागरणाला बसलेल्या माणसासारखं. झोप नाही, म्हणून मधून मधून फराळाच्या डब्यात हात." आत्याने खरवडणं थांबवलं आणि डोळे चोळले. तीही अलीकडे नीट झोपत नव्हती. "आणि आता तुझी पिल्लं. कांडावर हे पेर दिसतंय? प्रत्येक पेराला एक डोळा असतो (अजून न फुटलेला कोंब). त्याचं काही ठरलेलं नसतं. रात्री गार आणि मुळं कोरडी असली, तर त्याचं फूल होतं. ऊब आणि ओल असली, तर त्याला वाटतं पावसाळा संपलाच नाही. मग कसली झोप आणि कसलं फूल! तो वाढायलाच लागतो. त्याचं पिल्लू होतं."

"मग पाणी बंद करू या की."

"केलंय. पाणी माझ्या हातात आहे." पुढचं वाक्य आत्याने बोलायला घेतलं आणि पुन्हा गिळलं.

मुग्धाने कांडं मोजली. तीनच होती, तिन्ही सुरकुतलेली. "या वर्षीही हे झोपलं नाही तर?"

"उन्हाळ्याच्या तोंडाशी नवा कोंब फुटतो, तो कोठीतल्या साठ्यावर. साठाच नसेल तर कुठून फुटेल?" आत्या म्हणाली. "मग संपलं."

संध्याकाळी शेकोटीपुढे मुग्धाने विषय काढला. रस्त्यापलीकडे कळंबेकाकांचं शीतगृह होतं (फळं टिकावीत म्हणून गार ठेवलेली इमारत). त्यातल्या बाहेरच्या खोलीत बारा अंश असायचे. रात्रीपुरती कुंडी तिथे ठेवली तर?

"ती कुंडी कुठेही जाणार नाही," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं याच पायरीवर आहे. थंडी इथे येते. जरा उशीर झालाय."

"हो ना," आत्या म्हणाली, पण या वेळी तिने मुग्धाकडे बघितलं नाही.

रात्री भांडी विसळताना आत्या हळूच म्हणाली, "पिल्लांतली दोन मोठी झालीत. शेडनेटमध्ये (सावलीसाठी जाळी लावलेला मांडव) मागच्या बाकावर आहेत. त्यांचं तू काय करतेस, ते मला सांगू नकोस."

मुग्धाला एवढं पुरे होतं. दोन्ही पिल्लं एकाच झाडाची, सारख्याच वयाची, सारख्याच कुंड्यांत होती. प्रयोग करताना एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. तसं केलं तरच जो फरक पडेल तो कशामुळे पडला, हे कळतं. म्हणून तिने दोघांनाही पाणी जवळजवळ बंद केलं. दोघांनाही दिवसा सारखंच ऊन दिलं. फरक फक्त रात्रीचा. एक शेडनेटमध्येच राहायचं, दुसरं रात्रीपुरतं शीतगृहात जायचं. कळंबेकाकांनी हो म्हटलं, आणि ने-आण करायला धोंडू होता.

"म्हणजे मी आता झोपेची पालखी वाहायची," धोंडू म्हणाला. "माझं चाक डावीकडे ओढतं, शीतगृह उजवीकडे आहे, आणि हे कोणी विचारात घेतलेलं नाही."

पहिल्याच संध्याकाळी तो आजोबांच्या समोरून गेला. पोटाच्या कप्प्यात कुंडी.

"कुठे रे?" आजोबांनी विचारलं.

धोंडूला खोटं बोलता येत नसे. "थंडीत," तो म्हणाला.

आजोबांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून त्याच्या मानेला गुंडाळला. "मग हा घे. परत आलास की माझा मला आणून दे."

तेव्हापासून धोंडू रोज संध्याकाळी मफलर गुंडाळून तिरका तिरका रस्ता ओलांडायचा, रात्रभर तिथेच थांबायचा आणि सकाळी परत यायचा. आल्यावर मफलर आजोबांना द्यायचा. आजोबा तो लगेच गळ्यात घालत नसत. हातात धरून बसत.

पौष निम्मा झाला. शेकोटी रोज पेटत होती आणि रोज कोणीतरी लवकर उठून आत जात होतं. आत्या म्हणायची डोकं दुखतंय. मुग्धाला अभ्यास आठवायचा. पायरीवरच्या ऑर्किडचं एक कांड पिवळं पडलं. आता दोन उरली.

मग एका सकाळी मुग्धाने दोन्ही पिल्लं शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग काढलं. शेडनेटमधल्या पिल्लाच्या पेरातून एक टोकदार कोंब निघाला होता, बुडाशी मुळाचा पांढरा ठिपका. पिल्लाला पिल्लू. शीतगृहात झोपून आलेल्या पिल्लाची पानं गळून गेली होती. पण कांड टणक होतं, आणि त्याच्या वरच्या पेरांवर गोल गोल टपोरे मणी धरले होते. दोन दोनच्या जोडीने.

ती धावत आत्याकडे गेली. आत्याने भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं. "कळ्या," ती म्हणाली आणि तिथेच पालथ्या कुंडीवर बसली. "आगगाडीतून आणल्यानंतर पहिल्यांदा धरल्या होत्या ना, अगदी तशाच."

"आता आजोबांना दाखवू?"

आत्याने भिंग खाली ठेवलं. दाखवायचं म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं. त्या कळ्यांमागे जे होतं, तेही दाखवावं लागणार होतं. ज्या माणसाने जन्मभर थंडी मोजली, त्याला ते कोणी सांगायचं?

शेवटी संध्याकाळी मुग्धानेच दोन्ही कुंड्या आणून शेकोटीच्या उजेडात ठेवल्या. आत्याने आज खुर्ची मागे घेतली नाही, उलट पुढे ओढली.

आजोबांनी चष्मा चढवला. आधी टोकदार कोंब बघितला, मग गोल मणी. पुन्हा कोंब, पुन्हा मणी.

"दोघांत फरक कशाचा ठेवलास?"

"फक्त रात्रीचा," मुग्धा म्हणाली.

"बरोबर. एकच गोष्ट बदलायची." त्यांनी शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. लाकूड तडकलं.

"माझ्याकडे आजचा एक आकडा आहे," धोंडू खालच्या आवाजात म्हणाला, "पण मला सांगायची परवानगी नाही."

"नको सांगूस," आजोबा म्हणाले. "मला माहीत आहे. तू आणून देतोस तो मफलर रोज सकाळी गार लागतो हाताला. सुरुवातीला वाटलं, बाहेर थंडी पडली असेल. पेटी उघडून बघितली." त्यांनी पेटीकडे मान वळवली. "पेटीतली काच जुनी नाही झालेली. ती पहिल्यापासून बरोबरच सांगतेय."

त्यांनी कानटोपी काढली. केस घामाने चपटे झाले होते आणि आजोबा एकदम लहान दिसायला लागले. पायरीवर हात टेकून ते उठले, शिलाँगच्या कुंडीपाशी गेले आणि उरलेल्या दोन कांडांवरून बोट फिरवलं. एक कांड अजून थोडं टणक होतं.

"उशीर नाही झालेला," आजोबा म्हणाले. "थंडी आता इथे येणार नाही. यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. शैला, शीतगृहाचं दार उघड. धोंडू, तू उजवीकडून उचल, डावी बाजू मी सांभाळतो. हिला आजच्या आज झोपवू."